भिकाचा सत्कार

कॅन्टीनच्या टेबलावर शाल आणि नारळ मांडलेला दिसला आणि भिका दारातच थबकला.

सिन्नरच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात शाल म्हणजे निरोप. ज्याच्या अंगावर ती पडली, तो दुसऱ्या दिवशी गेटच्या आत दिसला नाही. मागच्या पावसाळ्यात स्टोअरमधले खंडेराव हीव भरलं म्हणून घरचीच शाल पांघरून कामावर आले, तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांच्या खुर्चीसाठी दोघांचे अर्ज आले होते. आणि हा तर दोन हजार एकचा उन्हाळा. शेजारच्या दोन कंपन्यांना कुलूप लागलेलं. अशा दिवसांत भर पाळीत मशिनी थांबवून सगळ्यांना बोलावलं, तेव्हाच लोक समजून गेले होते, की आज कोणाचं तरी संपलं.

नव्या पर्सोनेल मॅनेजर ललिता मॅडम नुकत्याच पुण्याहून शिकून आल्या होत्या. त्यांनी भिंतीवर कागद चिकटवून एक त्रिकोण काढला. "माणसाला सगळ्यात आधी लागते भाकरी. मग सुरक्षितता. आणि इथं, वरती? मानसन्मान! पगार वाढवला तर माणूस फक्त कुरकुर थांबवतो. मनापासून काम करतो तो कौतुकामुळं."

"मग आधी कुरकुरच थांबवा की," मागच्या बाकावरून नियाज पुटपुटला. तो भिकाच्या शेजारच्या प्रेसवर होता.

"म्हणून आजपासून दर महिन्याला एका उत्कृष्ट कामगाराचा सत्कार. पहिला मान, प्रेस शॉपचे भिका सांगळे!"

भिकाच्या दोन्ही बाजूंची माणसं बाकावरून हळूच सरकली. शाल उडून भलत्याच्याच अंगावर बसली तर काय घ्या.

भिका उठला. घरात कमावणारा तो एकटा.

"मॅडम, काहीतरी चूक झाली. मी लय आळशी माणूस हाय."

"असं कसं? तुमचा तर वर्षात एकही खाडा नाही."

"शरीर येतं ओ मॅडम. मन नाय येत."

"तुमचा माल सगळ्यात कमी परत येतो."

"खराब माल मी भंगारात दडवतो," भिका म्हणाला. त्याने आयुष्यात एक वॉशरसुद्धा दडवला नव्हता. पण आता बोलायला लागलाच होता तर हात आखडता घेण्यात अर्थ नव्हता. "झोपतो पण. उभ्या उभ्या."

"डोळे उघडे ठेवून," नियाज ताडकन उठला. दोस्तासाठी एवढं करणं भागच होतं. "मी बाजूलाच असतो, मॅडम. याच्यासारखा कामचोर सिन्नर तालुक्यात मिळणार नाय."

"माझे कपबी फोडतो मेला," चहावाल्या वत्सलाबाईंनी मायेनं भर घातली. मग सगळ्यांनाच कंठ फुटला. भिका किती वाईट आहे ते जो तो पोटतिडकीनं सांगू लागला.

ललिता मॅडमच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "बघितलंत सर?" त्या शेजारी बसलेल्या मोठ्या साहेबांकडे वळल्या. "केवढा हा विनय! आणि सहकाऱ्यांचं केवढं प्रेम!" मग त्यांनी नियाजच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचंही नाव लक्षात ठेवलंय हं."

नियाज मटकन खाली बसला.

शाल अंगावर पडली तेव्हा भिकाने डोळे मिटून घेतले. त्याच अवस्थेत त्याचा फोटो निघाला.

"मॅडम," त्यानं अगदी हळू विचारलं, "उद्या... यायचं ना?"

"ते आता तुमच्यावर आहे!" मॅडम गोड हसल्या. "आम्ही 'या' म्हणून नाही सांगणार. आतून वाटलं पाहिजे."

झालं. याहून स्पष्ट आणखी काय सांगायचं राहिलं होतं?

भिका तिथून निघाला तो तडक प्रेसवर. मशीन चालू आहे तोवर आपण नोकरीत आहोत, एवढा एकच हिशेब त्याच्या डोक्यात उरला होता. शाल काढून ठेवायची हिंमत होईना, म्हणून ती त्यानं कमरेला गच्च बांधली. प्रेसला दोन्ही हात लागतात, म्हणून नारळ पायांत धरला. धाड, धाड, धाड. शेजारी नियाजही पेटला होता. आपलं नाव लक्षात ठेवलंय म्हटल्यावर त्याला घोटभर पाणी प्यायलाही उठवेना.

भोंगा झाला. दुसऱ्या पाळीचा मयूर डबा घेऊन भिकाच्या मागं येऊन उभा राहिला.

"भिकाभाऊ, उठा. पाळी माझी आता."

"तू घरी जा."

"अहो, असं काय करता? गाडी हॉर्न देतेय तुमची."

"देऊ दे. एकदा गेटबाहेर गेलो ना, मग आत घ्यायचे नाय मला."

मयूरचा चेहरा उतरला. "मग माझं काय, भाऊ?"

हा प्रश्न आजूबाजूच्या मशिनींवर ऐकू गेला. पहिल्या पाळीचे जे दोघे-चौघे हात पुसत निघाले होते, ते परत वळले. बघता बघता प्रत्येक प्रेससमोर एक माणूस आणि त्याच्या मागं, अंगाला अंग लावून, दुसरा माणूस. पुढचा उठत नव्हता, मागचा हलत नव्हता. बाहेर कंपनीच्या गाडीनं शेवटचा हॉर्न दिला आणि ती रिकामीच निघून गेली.

वरच्या गॅलरीत मोठे साहेब आणि ललिता मॅडम येऊन उभे राहिले. बराच वेळ ते खाली बघत होते. मग मॅडमना राहवलं नाही. त्या टाळ्या वाजवू लागल्या. साहेबांनीही वाजवल्या.

खाली ते ऐकू गेलं. एकानंही मान वर केली नाही. फक्त सगळ्यांचे हात आणखी भराभर चालू लागले.