कातरवेळची दुर्बीण

सन २०१४च्या ऑक्टोबर महिन्यात, मस्कतमधील रुवी येथे, सूर्यास्ताला थोडा अवकाश असताना, चंद्रहास शिकारी साहित्याच्या एका दुकानात उभा राहून दुकानदाराशी वाद घालत होता.

"दुर्बीण बसवायला हा उंच माउंट घ्या," नूरुद्दीन म्हणाला. तो मूळचा गुहागरकडचा. गिऱ्हाईक कोकणातले निघाले की त्याची जीभ सैल सुटे. "दुर्बीण नळीपासून वर राहते आणि खालून नळीच्या टोकावरची नेमाची माशीही दिसते. वाटलं तर दुर्बिणीतून नेम धरा, वाटलं तर माशीवरून."

"म्हणूनच तो नको. हा बुटका द्या."

"ह्यात माशी झाकली जाते, साहेब. दुर्बिणीतून बघण्यावाचून गत्यंतर नाही."

"नक्की?"

"दुकान माझं आहे की तुमचं?" नूरुद्दीन हसला. मग गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचे नुकते उगवलेले खुंट पाहून म्हणाला, "तिरुपतीला जाऊन आलात वाटतं?"

"गावी." चंद्रहासने बुटका माउंट उजेडात फिरवून पाहिला. "बंदूक माझ्या भावाची, उत्तमची. पिकाच्या राखणीचा परवाना आहे. सध्या ती पोलीस ठाण्यात जमा आहे."

"निवडणुका! आमच्या चाचांचीही जमा आहे. तेवढ्यात डुकरं भात फस्त करणार. त्यांना कुठली आचारसंहिता?"

चंद्रहास हसला नाही. शेत विकून मोकळे व्हावे, असे उत्तमचे म्हणणे होते. बाबांनी ते ऐकले नाही, घोंगडी पांघरून ते बांधावर राखणीला बसतच राहिले, एवढे त्याने सांगितले.

"कातरवेळी माणूस आणि डुक्कर ह्यांत गफलत होईल का, एवढंच मला कळायला हवं. बाकी कशाशी मला कर्तव्य नाही."

"मग ही दुसरी दुर्बीण घ्या. अंधारात हिच्यातून जास्त उजळ दिसतं."

"नको. हीच दुर्बीण आणि हाच माउंट."

नूरुद्दीनने कपाळाला हात लावला आणि दुर्बीण नमुन्याच्या लाकडी बंदुकीवर बसवली. दोघे दुकानामागच्या मोकळ्या आवारात गेले. चंद्रहासने पिशवीतून काळी घोंगडी काढली, पलीकडच्या भिंतीशी जाऊन ती डोक्यावरून घेतली आणि गुडघे पोटाशी धरून तो बसला.

"एवढी पारख तर इथले अर्बाब शेठ उंट घेतानाही करत नाहीत!" नूरुद्दीन ओरडला.

सूर्य डोंगराआड गेला. आवारातले रंग विझले.

"आता बघा," घोंगडीतून आवाज आला. "काय दिसतं?"

नूरुद्दीनने दस्त्याला गाल टेकवला. "माणूस! नाक दिसतं, बोटं दिसतात. निर्धास्त राहा, साहेब, चूक व्हायची नाही. बांधून देऊ?"

तो जवळ गेला. चंद्रहास तसाच बसला होता.

"नको, नूरुद्दीनभाई. अशीच दुर्बीण, असल्याच माउंटवर बसवून, मी श्रावणात भावाला दिली होती. बाबांना मी अग्नी दिला तेव्हा तो कोठडीत होता. तो म्हणतो, शपथेवर सांगतो, दादा, मला डुक्कर दिसलं म्हणून गोळी झाडली. आई म्हणते, त्याला सोडवून आण." त्याने घोंगडीतून तोंड बाहेर काढले. "तुम्हीच सांगा. दिसलं असेल?"

नूरुद्दीनने लाकडी बंदूक जमिनीवर ठेवली.

"नाही, साहेब. त्याला बाबाच दिसले."