अर्धी दाढी

काहीतरी बोल की, असं रेडिओनं हातानंच सांगितलं. तो सायकलवर होता. प्लंबर शेजारून पळत होता. कालव्याकाठचा रस्ता पुढे सरळसोट पडला होता. झाडं, विजेचे खांब, पुन्हा झाडं.

रेडिओ म्हणजे सलूनवाला. त्याच्या तोंडाचा पट्टा दुकानात थांबायचा नाही आणि पळतानाही थांबायचा नाही, म्हणून हे नाव. लांब पळताना पाय नंतर थकतात, डोकं आधी कंटाळतं. पण दर रविवारी बोलायचं काम रेडिओचं आणि हुंकार भरायचं प्लंबरचं, त्यामुळे प्लंबरला कंटाळा कधी शिवला नव्हता. आता रेडिओच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आजाराबरोबर आवाजही गेला होता. गळ्याला सुती रुमाल होता. पळायची मनाई होती, हळू सायकल चालवायला डॉक्टरांची हरकत नव्हती. लिहून दाखवायला मात्र त्याचा साफ नकार. लिहून का कुठं गप्पा होतात?

"दोन महिने हे खिडकीशी बसून आहेत, भावजी," रेडिओची बायको सकाळी दारात म्हणाली होती. "आज कसेबसे तयार झालेत. पुन्हा तिथंच बसतील असं काही करू नका."

म्हणून प्लंबर बोलला. "परवा एका बाईंच्या बेसिनखाली गळत होतं. वॉशर बदलला."

गोष्ट संपली. रेडिओनं हँडलवरचा एक हात काढून तोंडापुढे धरला आणि भलीमोठी जांभई दिली. प्लंबरला हसू आलं आणि जरा धीरही आला.

"बरं, तुझीच सांगतो. अर्ध्या दाढीची."

रेडिओचा चेहरा खुलला. त्यानं घंटी वाजवली.

"एक गिऱ्हाईक. अर्धी दाढी झालेली. तेवढ्यात फोन येतो, बायकोला दवाखान्यात नेलंय, बाळंत होतेय. हा तसाच उठतो. गळ्यात कापड, एका गालाला फेस!" घंटी वाजली. बरोबर. प्लंबरला जोर चढला. दम लागत होता तरी तो हातवारे करू लागला. "तसाच भर रस्त्यातून पळत सुटतो. लोक त्याच्याकडे बघतात, मग दुकानाकडे बघतात, की ह्या सलूनवाल्यानं केलं तरी काय त्याला!" पुन्हा घंटी. "आणि मुलगा झाला. पेढे घेऊन आला तो!"

घंटी वाजली, आणि वाजतच राहिली.

"मुलगी?"

घंटी थांबेना.

"मग जुळी?"

रेडिओनं ब्रेक मारला. त्यानं एक बोट आपल्या उजव्या कानाकडे नेलं, मग डाव्या कानातून काहीतरी बाहेर काढून झटकून टाकल्यासारखं केलं. इतकी वर्षं हेच केलंस ना? गालावरच्या फेसाला प्लंबर दर वेळी खो-खो हसला होता. त्यापुढचं काही त्याला आठवेना. रेडिओनं सायकल घराकडे वळवली.

पुन्हा ती खिडकी. प्लंबर दोन पावलं मागं धावला.

"नाही ऐकल्या मी गोष्टी," तो पाठमोऱ्या सायकलला म्हणाला. "तुझा आवाज चालू असला की माझे पाय आपोआप पडायचे. काय बोलतोयस इकडे लक्ष नसायचं. नुसता आवाज पुरायचा रे मला."

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, आपली जीभ हासडावी. जे गेलं नेमकं त्याचंच नाव काढलं.

सायकल थांबली. रेडिओनं ती स्टँडवर लावली, चालत परत आला आणि गिऱ्हाइकाची धरावी तशी प्लंबरची हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्या तोंडासमोर आणलं. मग ओठ हलवले. सावकाश, एकेक शब्द सुटा. प्लंबर तो शब्द मोठ्यानं म्हणून बघायचा. चुकला की रेडिओ मान हलवायचा आणि पुन्हा सांगायचा.

"तो... संध्याकाळी... परत आला," प्लंबर म्हणाला. "खुर्चीत... बसला. म्हणाला... उरलेली... करा. मी... विचारलं... मुलगा का... मुलगी?"

रेडिओचे ओठ पुन्हा हलले. प्लंबरला ते पहिल्यांदा कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं, तेव्हा त्याचा आवाज खाली आला.

"बाळ... रडलंच नाही."

दोन मुली पळत पळत त्यांना वळसा घालून गेल्या. रस्त्याच्या मधोमध एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिलेल्या ह्या दोन बाप्यांकडे त्यांनी वळूनही पाहिलं.

"मग... मी... बोलत राहिलो. हवापाणी... क्रिकेट... काहीही. दाढी... होईपर्यंत. वस्तरा... जपून चालवला... पण... तोंड... थांबवलं नाही. जाताना... तो म्हणाला... बोलत राहिलात... बरं केलंत."

रेडिओचे ओठ अजून हलत होते. प्लंबरनं डोळे पुसले आणि निमूटपणे एकेक शब्द म्हणत गेला.

"इथं... तू... दर वेळी... हसत असायचास."

शब्द म्हणून झाल्यावर प्लंबरच्या लक्षात आलं, की हे गोष्टीतलं नव्हतं.

रेडिओनं होकारार्थी मान डोलावली. प्लंबरची हनुवटी सोडली, आणि जाऊन सायकलचं तोंड पुन्हा पुढच्या रस्त्याकडे केलं.