टेबलावरच्या बाईंविरुद्ध

"हा फॉर्म चालणार नाही," टेबलामागची बाई म्हणाली.

निवृत्त ड्रायव्हरचं डोकं सणकलं. तिसरा फॉर्म होता हा. पहिला जुन्या छापाचा निघाला, दुसऱ्यावर सही चौकटीबाहेर गेली.

"आता काय राहिलं?"

"पत्त्याच्या पुराव्याची झेरॉक्स. समोरच्या दुकानात मिळेल. दोन काढा, हे लोक एक हरवतात."

हे लोक! बँकेत बसून बँकेलाच नावं ठेवायची! तिच्या डोक्यावर पाटी टांगली होती, 'मी आपली काय मदत करू?' पाटीवरच्या चित्रातली मुलगी बत्तीशी दाखवत होती. खालच्या बाईच्या तोंडावरची माशी हलत नव्हती.

त्याला वेळ नव्हता. बायकोचं उद्या सकाळी ऑपरेशन होतं. पैसे आज पाचच्या आत भरले नाहीत तर तारीख पुढच्या महिन्यात जाणार होती, आणि तेवढं थांबण्यासारखी तिची तब्येत नाही हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. सकाळी हॉस्पिटलच्या खिडकीवर कार्ड चाललं नाही. का, तर खातं गोठवलंय. का, तर केवायसी केली नाही. फोन लावला तर अर्धा तास हा आकडा दाबा, तो आकडा दाबा, आणि शेवटी एक गोड आवाज म्हणाला की हे सगळं तुम्ही घरबसल्या ॲपवर करू शकता. त्याच्याकडे बटणांचा फोन होता.

शाखेत पूर्वी पाच खिडक्या होत्या. आता एक चालू होती. बाकी चारांवर जाहिरात चिकटवली होती, 'बँक आता तुमच्या खिशात'. बँक खिशात आली आणि खिशातलं सगळं घेऊन बसली, असं त्याला वाटलं. ते तो मोठ्यांदा बोललाही. कोणी हसलं नाही.

झेरॉक्स घेऊन परत आला तर टेबलाशी एक म्हातारी उभी. बाई तिला फॉर्ममधला एकेक रकाना बोट ठेवून वाचून दाखवत होती.

"माझं आधी करा," तो म्हणाला.

"आजींचं होऊ दे. थांबा."

"थांबा? सकाळपासून थांबलोय! पगार कसला घेता तुम्ही?"

सगळी शाखा वळून बघायला लागली. बाईचा चेहरा लाल झाला. तिने आजींचा फॉर्म पुरा केला, मग आपल्या पर्समधून डिंकाची बाटली काढली आणि त्याचा फोटो चिकटवला.

"ओरडू नका," ती म्हणाली. "काचेच्या आत ऐकू जात नाही. मी बघितलंय ओरडून."

"नोकरीची मस्ती आहे ही. दुसरं काही नाही."

घड्याळात पावणेचार झाले होते. खिडकी चारला बंद व्हायची. भिंतीवरच्या फलकावर छत्तीस नंबर होता, त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर बावन्न.

"एवढं काय अडलंय तुमचं?" तिने विचारलं.

"बायकोचं अडलंय! उद्या ऑपरेशन आहे तिचं. पाचच्या आत पैसे नाही भरले तर..." त्याचा आवाज फाटला. त्याला स्वतःचाच राग आला.

फलकावर सदतीस लागला. बाई क्षणभर फलकाकडे बघत राहिली. मग तिने त्याच्या फॉर्मला वरून एक चिठ्ठी टाचली आणि कागद त्याच्या हातात कोंबले.

"जा."

"माझा बावन्न आहे."

"जा म्हणते ना. आणि तिथे काही बोलू नका."

दहा मिनिटांत काम झालं. खातं उघडलं, हॉस्पिटलचे पैसेही तिथूनच गेले. हातात पावती आली आणि त्याचा पारा आणखी चढला. एवढं हिच्या हातात होतं, तर मला तासभर नाचवलं कशाला?

तो सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसला आणि तक्रारवही मागितली. एकतीस वर्षं बस चालवली होती त्याने. एका प्रवाशाच्या 'उद्धट वर्तन' या दोन शब्दांनी त्याची वर्षाची वेतनवाढ गेली होती. काय लिहिलं की काय होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, 'टेबलावरील महिला कर्मचारी अत्यंत उद्धट. मर्जीतल्या लोकांना नंबर डावलून आत पाठवते. कडक कारवाई व्हावी.' खाली सही केली. यावेळी सही चौकटीतच बसली.

मॅनेजरने वाचलं. "कोणत्या टेबलावरची?"

"दाराजवळच्या. त्या पाटीखालची."

"काहीतरी घोटाळा होतोय तुमचा," मॅनेजर म्हणाला. "ते पद दोन वर्षांपूर्वीच रद्द झालं. तिथे आमचं कोणी बसत नाही."

ड्रायव्हर वळला. टेबलामागची खुर्ची रिकामी होती. बाई खिडकीशी उभी होती, स्वतःच्या कागदांची फाईल काचेला लावून.

"अहो, सदतीस माझाच होता," ती आत सांगत होती. "पगार अडकलाय माझा. सोमवारपासून रोज येतेय."

"सदतीस होऊन गेला, बाई," आतला म्हणाला आणि त्याने खिडकी ओढून घेतली. "ऑनलाइन करून टाका."