रस्ता दाखवा

“फोटो एवढा एकच हाय,” सर्जेराव म्हणाले.

कल्याणनं त्यांचा मोबाइल हातात घेतला. राजूरच्या गणपतीला काढलेला फोटो होता. पायऱ्यांवर चार-पाच बायका, मधे जयवंताबाई, उन्हानं डोळे बारीक केलेल्या. कल्याणनं बाकीच्या बायका कापल्या, खांद्यावरचा कुणाचा तरी हात पुसला आणि मागं निळं आभाळ टाकलं. जालन्यात बस स्टँडमागं त्याचं जाहिरातीचं दुकान होतं. गेलेल्या माणसाला आभाळात बसवायचं काम त्याच्याइतकं जल्दी कुणी करत नव्हतं.

“तुमच्या कोण, काका?”

“बायको माझी. जयवंताबाई.”

त्यांच्या शेजारी मुलगा बसला होता, रामप्रसाद. डोक्याला रुमाल, हातात मोटारसायकलची किल्ली.

“शोकाकुल म्हणून कुणाकुणाची नावं घ्यायची?”

हा प्रश्न कल्याण जपून विचारायचा. इथंच भांडणं लागायची. मागं एका म्हातारीच्या श्रद्धांजलीत एवढे पुढारी बसवावे लागले, की म्हातारीला पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा उरली होती.

“कुणाचंच नको. लेकीसाठी छापून राह्यलो आमी.”

मग त्यांनी सांगितलं. लेक दीपमाला. स्वतःच्या मर्जीनं लग्न करून गेल्ती. तेव्हापासून बोलणं तुटलं. तिनं नंबर बदलला, कुठल्या गावात राहते ते माहीत नाही.

“पण मायच्या दहाव्याला लेक पाहिजे का न्हाई? तिला कळलंच न्हाई तर येईल कशी ती?”

“बराबर आहे,” कल्याण म्हणाला. “पेपरात जालन्याच्या पहिल्या पानावर घेऊ.”

“जालन्यात नको. इथं ती न्हाई. बाहेरच्या पानांत टाका. पुणं, नाशिक, कोल्हापूर. जालना सोडून समदीकडं.”

श्रद्धांजली लोक छापतात ती गावानं बघावी म्हणून. ती एकाच माणसानं बघावी असं म्हणणारा गृहस्थ कल्याणला पहिल्यांदाच भेटला होता. त्याला सर्जेराव आवडले. म्हणून त्यानं आपण होऊन क्यूआर कोडचं सुचवलं.

त्या चौकोनी कोडवर कल्याणचा फार जीव. साड्यांच्या दुकानाच्या जाहिरातीत त्यानं टाकून बघितला, क्लासच्या, बियाण्यांच्या. कुणी मोबाइल धरत नव्हतं. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या पानावर टाकला, तर दिवसभर तो पुढारीच उघडून बघत होता.

“जाहिरातीच्या कोपऱ्यात हा चौकोन,” कल्याण म्हणाला. “कॅमेरा धरला की पान उघडतं. मोठा फोटो, दहाव्याची तारीख आणि खाली एक बटण. रस्ता दाखवा. दाबलं की ती असेल तिथून तुमच्या दारापर्यंतचा नकाशा.”

“ती कुठं हाय ते बटणाला कसं कळन?” रामप्रसादनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

“मोबाइल विचारतो, जागा सांगू का म्हणून. हो म्हटलं की झालं. रस्ता दाखवायचा तर माणूस कुठं आहे ते आधी कळायला लागतं ना.”

“मंग ते तुमाला बी दिसतं?”

“माझ्या कॉम्प्युटरवर. पार गल्लीपर्यंत.”

बापलेकांनी एकमेकांकडं बघितलं. सर्जेरावांनी उपरण्यानं डोळे टिपले. कल्याणनं चहा मागवला.

‘दीपे, माय तुझं नाव घेत गेली. दहाव्याला तरी ये.’ हा मजकूर कल्याणचाच. लिहिताना त्याला स्वतःलाच हुंदका आला होता. जाहिरात छापून आली त्या दिवशी तो दुसरं काम न घेता कॉम्प्युटरसमोर बसून राहिला. पुण्याचे लोक कोड उघडत होते, नाशिकचे उघडत होते. फोटो बघून बंद करत होते. ओळख ना पाळख, त्या बाईच्या दहाव्याला जायचा रस्ता कोण विचारणार?

दुपारी इचलकरंजीतून कुणीतरी विचारला.

एकदा विचारून थांबलं नाही. बटण दाबायचं, नकाशा बघायचा, बंद करायचा, परत दाबायचं. यंत्रमागाच्या शेडांमागची एक गल्ली होती. नकाशावरचा ठिपका तिथून हलत नव्हता. मोबाइल हातात धरून कुणीतरी राजूरजवळच्या सर्जेरावांच्या घरापर्यंतचा रस्ता बघत बसलं होतं.

कल्याणनं फोन लावला. बापलेक ताबडतोब आले. रामप्रसादनं नकाशा मोठा करून बघितला. गल्लीचं तोंड, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, गिरणीला लागून घर. त्यानं पडद्याचा फोटो काढून घेतला.

“ती येतेच बघा, काका,” कल्याण म्हणाला. “रस्ता विचारला म्हणजे निघायच्या तयारीत आहे.”

“म्हणूनच घाई करायची. ती निघायच्या आत पोचतो आमी. उगं चुकामूक नको.” सर्जेरावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “पोरा, लई उपकार केले.”

ते गेल्यावर कल्याणनं शेजारच्या झेरॉक्सवाल्याला बोलावून ठिपका दाखवला. कोड म्हणजे फुकटचा खर्चा, असं तो झेरॉक्सवाला नेहमी म्हणायचा. त्यानंही बिलकुल वाद घातला नाही. बिचारा डोळे पुसत बाहेर गेला.

राजूरजवळच्या शेतातल्या घरापुढं भाड्याची जीप उभी राहिली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. रामप्रसाद मागच्या खोलीत काहीतरी शोधत होता. सर्जेराव चुलीपाशी आले.

“भाकरी बांधून दे. इचलकरंजीला जायाचंय.”

जयवंताबाईंनी परातीतले हात काढले. “दीपीचा पत्ता लागला?”

“लागला.”

“खरंच?” त्यांनी पदरानं तोंड पुसलं, पीठ गालाला लागलं. “मंग तिच्या बी दोन टाकते. येताना वाटंत भूक लागन तिला.”

“तिच्या नको,” सर्जेराव म्हणाले. “आमच्या दोघापुरत्याच बांध.”