दोन बोटं आखूड

पाय दोन बोटं आखूड पडला.

कारखान्याच्या मोठ्या बाईंनी पट्टा सोडला, पुन्हा आवळला. पट्टा आवळून पाय लांब होत नाही, हे त्यांना कळत होतं. पण हातांना काहीतरी करायचं होतं. मुलीच्या आईनं फडक्याच्या चार घड्या घालून तिच्या नव्या पायाखाली सरकवल्या. "असं चालेल का हो?"

माप घेतलं तेव्हा नेमकं होतं. पण कृत्रिम पायांच्या या कारखान्याची एक रीत होती : मोठ्यांचे आधी, पोरांचे मग. पोराच्या पायाला वेळ मोठ्याइतकाच, वर तो पुन्हापुन्हा बेतून बघायचा, आणि वर्षाच्या आकड्यात धरला जायचा एकच. यंदा आकडा पाचशेवर न्यायचा होता. वर्धापनदिनाला पाहुणे यायचे होते. मुलीचा साचा फळीवर थांबला. मुलगी थोडीच थांबते? ती आपली गवतासारखी वाढत राहिली.

मुकादम दारात आला. "बाई, भट्टी तापलीय. सहा पाय निघाले की पाचशे. लावू?"

"लावा." मग बाई आईकडे वळल्या. "पुढच्या महिन्यात नवा देऊ. एवढं सांभाळून घ्या."

"बरं," आई म्हणाली. भांडली असती तर बाईंना हलकं वाटलं असतं.

मुलीनं आपणच पट्टा सोडला, सराईतासारखा. पाय मांडीवर घेऊन आत डोकावली. "आई, हा पण बाहुलीला?"

"गप गं, ठमे."

"तिला आधीच्या पायांचे दोन पाळणे आहेत की."

आई ओशाळली. "आधीचे दोन इथूनच नेले होते, बाई. घरी घालून बघितले, तर हेच. तुमचा काय दोष? हीच मेली ताडासारखी वाढते."

बाई फरशीवर बसल्या. खिशातली टेप काढली. "मुकादम, आधी हिचा साचा. हिचा पाय भट्टीतून निघेपर्यंत दुसरं काही आत जायचं नाही."

"अहो, आणि त्या सहा जणांना पाय नकोत?"

"हवेत. त्यांचं माप उद्याही तेच राहील."

"मग पाचशेचं काय?"

बाईंनी टेप गुडघ्याला लावली. मुलीला गुदगुल्या झाल्या, ती खुदकन हसली.

"त्यात हिचे तीन धरलेत," बाई म्हणाल्या. "त्यांवर ही अजून एक पाऊलही चाललेली नाही."