कपाटातली आत्या

हा सिनेमा रविवारी दोघींनी मिळूनच पाहायचा, अशी शपथ मी आणि माझ्या रूममेटने घेतली होती. पण मला कुठला धीर निघतोय. शुक्रवारीच प्रॅक्टिकल बुडवून मी एकटी जाऊन पाहून आले आणि शेवट पोटात ठेवता ठेवता दोन दिवस नुसती तडफडले.

रविवारी थिएटरात मी साळसूदपणे विचारलं, "आत्याला कोणी मारलं असेल गं?"

"मला काय माहीत? बघू या की," ती म्हणाली.

शेवटी ती जागा आली, मेलेली आत्या कपाटातून जिवंत बाहेर येते ती. आरशासमोर तालीम केली होती तशीच मी छातीवर हात ठेवून किंचाळले. त्याच क्षणी शेजारून तीही किंचाळली.



पडद्यावर कपाट अजून बंदच होतं.