डोंगरावरची भेग

इंजिन दोन-तीन आचके देऊन बंद पडलं आणि पत्र्याच्या खोलीत एकदम शांतता झाली. इंजिनबाई धावत आत आली. तिला सगळे याच नावाने ओळखत. शहराने वर्षानुवर्षं टाकलेल्या कचऱ्याचा डोंगर झाला होता आणि त्याच्या पोटात गॅस धरत होता. डोंगरात खोल पाइप सोडून ती तो ओढून घ्यायची आणि इंजिनात जाळायची. त्यातून निघालेली वीज आणि गरम पाणी भिंतीपलीकडच्या प्रसूतिगृहाला जायचं.

काल संध्याकाळच्या वादळात बाकी शहराची वीज गेलेलीच होती. आता प्रसूतिगृहाचीही गेली.

फोन वाजला. पलीकडच्या डॉक्टरीणबाई होत्या.

"दिवस भरायच्या आधी झालेलं बाळ आहे, पेटीत उबेला ठेवलंय. बॅटरीवर चाललंय, पण ती किती दम धरेल सांगवत नाही. दुसरीकडे हलवावं, तर रस्त्यात झाडं आडवी."

"हलवू नका," इंजिनबाई म्हणाली. "मी सुरू करते."

तिने फोन ठेवला. शब्द तर देऊन बसले, तिच्या मनात आलं. तिने गॅस मोजणाऱ्या नोंदयंत्राचा काटा पाहिला. गॅसमध्ये बाहेरची हवा शिरली होती, म्हणून इंजिनाचा श्वास कोंडला होता. डोंगरावर पांघरलेल्या मातीच्या थराला वादळाने कुठेतरी भेग पाडली असणार.

तिने फावडं घेतलं, गॅस हुंगणारं हातातलं यंत्र घेतलं आणि बाहेर पडली. दारातच तिचे बाबा उभे होते. अंगात स्वेटर उलटा.

"आवाज बंद झाला म्हणून आलो," ते म्हणाले.

त्यांचं घर रस्त्यापलीकडेच होतं. कानाशी कुणी सतत दळण दळतंय, अशी त्यांची या इंजिनाबद्दल रोजची तक्रार असे.

"मग बरं वाटायला हवं तुम्हाला."

"वाटलं ना. चहा उकळेपर्यंत वाटलं. मग चैन पडेना."

तिने चालता चालता बाळाचं सांगितलं. बाबा तिच्या मागोमाग चालत राहिले. ते अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. हा डोंगर पेटला की विझवायला तेच यायचे. एकदा दलातला त्यांचा जोडीदार वरची जमीन खचून आतल्या निखाऱ्यात गेला, तेव्हापासून त्यांनी इथे पाऊल टाकलं नव्हतं. मुलीने हीच नोकरी धरली, तर ते महिनाभर तिच्याशी धड बोलले नव्हते.

चढाच्या सुरुवातीला ते थबकले. इंजिनबाईने मागे वळून पाहिलं, पण हाक मारली नाही. थोड्या वेळाने मागून त्यांच्या बुटांचा आवाज येऊ लागला.

वारा बोचत होता. एकेका पाइपाशी वाकून ती यंत्र जमिनीलगत धरत गेली. वरच्या वळणावर ते किंचाळायलाच लागलं. तिने पायाने फाटकं प्लॅस्टिक बाजूला सारलं. खाली हात जाईल एवढी लांबट भेग होती.

"आत हवा गेली की हा आतून पेटतो," बाबा म्हणाले. "वरून पत्तासुद्धा लागत नाही. मागे हो तू."

"हा पाइप नुसता बंद केला, तर गॅस पुरणार नाही बाबा. भेग बुजवायलाच हवी."

डागडुजीसाठी तिथे ठेवलेल्या चिकणमातीच्या ढिगाकडे ती वळली. पहिलं फावडं टाकलं, दुसरं टाकलं. वादळाच्या पाण्याने माती जड झाली होती. तिला धाप लागली. बाबांनी तिच्या हातातून फावडं ओढून घेतलं.

"अशाने संध्याकाळ होईल. तू हाताने दाबत जा."

भेग भरली, पण माती सैल होती. ती तुडवायला हवी होती. इंजिनबाई वर उभी राहिली आणि पाय आपटू लागली. एकटीच्या वजनाने माती दबेना. तिने हात पुढे केला.

"या बाबा."

ते तिथल्या तिथे उभे राहिले. मग त्यांनी तिचा हात घट्ट धरला आणि एक पाय मातीवर ठेवला. जमिनीने तो पेलला. त्यांनी दुसराही ठेवला. बापलेक हात धरून चिखल तुडवत राहिले, यंत्र गप्प होईपर्यंत.

खाली येऊन तिने पाइपांतली हवा आधी बाहेर सोडली, मग बटण दाबलं. इंजिन खोकलं. दुसऱ्यांदाही खोकलं. तिसऱ्यांदा त्याने लय धरली आणि पत्रे थरथरू लागले.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दिवे आले होते. पेटी तापत होती. बाळाने आताच मूठ उघडली, असं त्या म्हणाल्या.

इंजिनबाई स्टुलावर बसली. बाबा मात्र बसले नाहीत. गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, दाराशी उभे राहून ते डोंगराकडे बघत होते.

"तुझं ते यंत्र दे इकडे," ते म्हणाले. "पलीकडच्या उतारालाही भेग पडलीय का, बघून येऊ."

"तिकडे तर अजून पाइपच नाहीत."

"नसतील," बाबांनी फावडं खांद्यावर घेतलं. "पण आग विझवायला आम्ही सगळ्यात जास्त पाणी तिथेच ओतलंय."